भंगारवाल्याने परत केलेली गिटार

गोंदिया जिल्ह्यात जुन्या वस्तूची किंमत दोन ठिकाणी ठरते, एक भंगारवाल्याच्या काट्यावर आणि दुसरी मालकाच्या मनात; आणि या दोन आकड्यांत जितके अंतर अधिक, तितके मालकाला अधिक बोलावे लागते, असा नियम बऱ्याच निरीक्षणांती मांडता येतो. फुटका पितळी गुंड, जळालेली मोटार किंवा चाके गेलेली सायकल विकणाऱ्याला वक्तृत्वाची गरज पडत नाही, कारण त्या वस्तूंत धातू असतो, धातूला भाव असतो आणि तो भाव सकाळी गल्लीतून ओरडत जाणाऱ्या माणसाला तोंडपाठ असतो. जुन्या ॲकूस्टिक गिटारची, म्हणजे विजेच्या मदतीवाचून केवळ पोकळ लाकडी अंगाच्या बळावर वाजणाऱ्या गिटारची, गोष्ट निराळी आहे. तिचे लाकूड इतके पातळ असते की चुलीतसुद्धा त्यावर चहाचे आधण येत नाही, तारा गंजलेल्या असतात, आणि धातू म्हणावा तर तो तारा पिळण्याच्या खुंट्यांपुरता आणि फ्रेटपुरता, म्हणजे बोटांच्या जागा दाखवण्यासाठी दांडीवर आडव्या ठोकलेल्या बारीक पट्ट्यांपुरता असतो. भंगारवाला ती हातात घेतो, उलटी करून हलवतो, आत खडखडणारा तुकडा खाली पडतो का ते पाहतो आणि आदराने परत करतो. या नकारातूनच विक्रीच्या एका स्वतंत्र गद्यप्रकाराचा जन्म होतो, ज्यात निकामी वाद्य ‘दुरुस्तीजोगे’ म्हणून आणि मालकाची अडगळ ‘जाणकारासाठी संधी’ म्हणून मांडली जाते.

या बाबतीत पेटीचे, म्हणजे हार्मोनियमचे, नशीब बलवत्तर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास पॅरिसमध्ये घडलेले आणि त्याच शतकात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याचे करून मांडीशी आणलेले हे वाद्य आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी तब्बल तीन दशके आपल्या दारात उभे केले नाही. पण झाडीपट्टीतील, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या धानाच्या मुलखातील, भजनी मंडळांनी आणि दंडार या लोकनाट्याच्या संचांनी त्या बंदीची फारशी दखल घेतल्याचे दिसत नाही. पेटीचा भाता फाटला तर कापड मिळते, पट्टी मोडली तर सुतार मिळतो, आणि सगळेच संपले तर आतले पितळी सूर काट्यावर चढवता येतात. त्यामुळे पेटी विकणारा माणूस आकडा सांगून गप्प बसू शकतो. गिटार विकणाऱ्याला ही चैन परवडत नाही. त्याच्या मालाला खाली कोणताच तळ नसल्यामुळे तो वरच्या बाजूला कल्पनेचे मजले बांधत जातो, आणि त्यांची उंची बहुधा वाद्याच्या अवस्थेच्या व्यस्त प्रमाणात असते.

या गद्याची पहिली खूण म्हणजे त्यात दोषाला दोष म्हटले जात नाही. ‘थोडंसं काम आहे जी’ हे त्याचे मंगलाचरण होय, आणि ‘थोडंसं’ या मापाची व्याप्ती नव्या तारा टाकण्यापासून नवी गिटार घेण्यापर्यंत कितीही असू शकते. पोलादी तारांची गिटार सुरात लावली की तिच्या सहा तारा मिळून सत्तर किलोंच्या आसपास ताण देतात, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या फळीवर भरले पोते कायमचे लटकत राहते. हा ताण पेलण्यासाठी फळीच्या आतल्या अंगाला लाकडी काड्या चिकटवलेल्या असतात, त्यांना ब्रेसिंग म्हणतात; या काड्या सुटल्या की वरची फळी फुगते, तारांचे एक टोक अडकवलेला ब्रिज नावाचा ठोकळा उचलला जातो, दांडी पुढे झुकते, आणि तारा दांडीपासून दूर जातात. तारा व दांडी यांमधल्या या उंचीला ॲक्शन म्हणतात. ती बाराव्या फ्रेटपाशी दोन ते अडीच मिलिमीटर असावी असा सर्वसाधारण संकेत असला, तरी विक्रीस निघालेल्या गिटारीत त्या जागेतून करंगळी सुखाने आरपार जाते, आणि तार दाबण्यासाठी लागणारा जोर धान झोडपणाऱ्या हाताला शोभेल असा असतो.

अशा गिटारीच्या वर्णनात विक्रेत्याची प्रतिभा खऱ्या अर्थाने फुलते, कारण तो ती ‘हवाईयनसाठी एकदम फिट’ असल्याचे सांगतो. हा दावा सरसकट खोटा नाही, हीच त्यातली अडचण आहे. हवाईयन गिटार आडवी मांडीवर ठेवतात, तार बोटाने दाबण्याऐवजी तिच्यावरून धातूची गुळगुळीत कांडी सरकवतात, आणि कांडी दांडीला लागू नये म्हणून तारा मुद्दाम उंच ठेवतात. या पद्धतीने ब्रिजभूषण काबरा यांनी शास्त्रीय संगीत वाजवले, १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ते शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या बरोबरीने बसले, तर कोलकात्याच्या सुनील गांगुली यांच्या हवाईयन गिटारीवरील चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. म्हणजे ज्या अवस्थेला वाद्य-कारागीर व्याधी म्हणेल, तिलाच इतिहासाने एकदा कला म्हटलेले आहे, आणि विक्रेता या इतिहासाचा आधार घेतो. फरक इतकाच की काबरांच्या गिटारीतल्या तारा कोणीतरी उंच केलेल्या होत्या. या गिटारीतल्या त्या आपोआप झालेल्या असतात.

लाकडाविषयीचे निवेदन हा पुढचा अध्याय. गोंदियात प्रतिष्ठित लाकूड एकच, ते म्हणजे सागवान. त्यामुळे दरवाजा, पलंग, देव्हारा आणि गिटार यांपैकी जे काही विकायचे असेल ते सागवानी असते. वास्तविक गिटारच्या वरच्या फळीला हलके, सरळ धाग्याचे आणि कंप पावणारे लाकूड लागते, चांगल्या वाद्यात ते थंड प्रदेशातील स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे असते आणि स्वस्त वाद्यात ते प्लायवूड असते, परंतु ‘प्लायवूडची आहे’ असे म्हणून गिटार विकल्याचे उदाहरण शोधावे लागेल. सागवानी म्हणून सांगितलेल्या गिटारच्या कडेला फुगून सुटलेले तीन थर दिसले, तर तेही ‘तीन पदरी मजबुती’ म्हणून खपवता येतात. मागची फळी शिसवीची असल्याचे सांगणारा विक्रेता मात्र नकळत जागतिक व्यापाराला स्पर्श करतो. अमेरिकेतील मार्टिन या १८३३ पासून चालत आलेल्या कंपनीला ब्राझीलमधील शिसवी मिळणे कठीण झाले, तेव्हा तिने १९६९ मध्ये भारतीय शिसवी स्वीकारली, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या लाकडाच्या गिटारी परदेशात वाजू लागल्या; पुढे २०१७ मध्ये शिसवीच्या साऱ्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. तथापि मागच्या फळीची एवढी स्तुती करणे हे मूळ प्रश्नाला बगल देणे आहे. स्पेनमधील आंतोनियो दे तोर्रेस या थोर कारागिराने १८६२ मध्ये मागची फळी आणि कडा कागदी लगद्याच्या करून एक गिटार घडवली आणि आवाजाचे मुख्य काम वरची फळी करते हे दाखवून दिले. गोंदियातील वरच्या फळीची अवस्था पाहता, विक्रेता गिटार पालथी घालूनच दाखवतो यात नवल नाही.

वरच्या फळीला तडे जातात त्याला विक्रेता जबाबदार नसतो, हेही न्यायाने नोंदवले पाहिजे. लाकूड धाग्याच्या दिशेने फारसे आकसत नाही, धाग्याला आडवे मात्र आकसते आणि फुगते. ज्या जिल्ह्यात पावसाळ्यात माचिसची काडी पेटत नाही आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपाशी घुटमळतो, तेथे कपाटावर ठेवलेल्या गिटारला वर्षातून एकदा फुगणे आणि एकदा आकसणे भाग पडते, आणि दर वर्षी ती थोडीशी कमी परत येते.

यानंतर येतो तो वयाचा प्रश्न, आणि येथे अभ्यासकाने थोडे थांबणे इष्ट ठरेल. जुने आणि प्राचीन यांत किमतीचा फरक असल्यामुळे प्रत्येक विक्रेता आपल्या गिटारला शक्य तितके मागे ढकलतो, आणि गोंदियात ती बहुधा ‘इंग्रजांच्या काळात, रेल्वेतल्या साहेबाजवळ’ जाऊन थांबते. या वंशावळीला भूगोलाचा आधार आहे. गोंदिया हे हावडा–नागपूर–मुंबई मार्गावरील जंक्शन. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने हा मुलूख थेट कोलकात्याशी जोडला, विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची वाटही येथूनच फुटली, आणि रेल्वे म्हटली की साहेब आला, साहेब म्हटला की बंगला आला, आणि बंगल्यात एक गिटार असायला कोणाची हरकत असणार? शिवाय कोलकात्यातील लालबाजार आणि रवींद्र सरणीच्या परिसरातील वाद्यांची दुकाने प्रसिद्ध असून गिव्हसनसारख्या गिटारीही त्याच शहरात तयार होतात, म्हणजे गिटारने हावड्याला गाडीत बसून गोंदियाला उतरणे हे अगदी स्वाभाविक होय. प्रश्न एवढाच उरतो की ती कोणत्या साली उतरली.

याचे उत्तर पुष्कळदा गिटारच्या पोटात चिकटवलेले असते. वरच्या फळीतील गोल छिद्रातून टॉर्चच्या उजेडात आत डोकावले असता कारखान्याचे कागदी लेबल दिसते, आणि त्यावरील पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल, तर साहेबाची कथा तेथेच संपते, कारण पिन कोडची पद्धत भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तोवर साहेब निघून गेल्याला पाव शतक झाले होते. शहराचे नाव ‘कलकत्ता’ ऐवजी ‘कोलकाता’ छापलेले असेल, तर गिटार बहुधा २००१ नंतरची, म्हणजे मतदानाचा हक्क मिळून फार दिवस न झालेली समजावी. याहून सूक्ष्म पुरावा स्थानिक शिक्क्यांचा आहे. वाद्य कधी काळी एखाद्या शाळेच्या, मंडळाच्या किंवा दुकानाच्या ताब्यात असेल तर त्यावर रबरी शिक्का मारलेला असतो, आणि या जिल्ह्याने पत्ते इतक्यांदा बदलले आहेत की तो शिक्का जन्मदाखल्याचे काम करतो. ‘जि. गोंदिया’ असे असेल तर शिक्का १ मे १९९९ नंतरचा, कारण त्या दिवशी हा जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, ‘जि. भंडारा, महाराष्ट्र’ असेल तर तो बहुधा १९६० ते १९९९ मधला, भंडाऱ्यापुढे मुंबई राज्य असेल तर १९५६ ते १९६० या काळातला, मध्य प्रदेश असेल तर १९५० ते १९५६ मधला, आणि ‘सी. पी. अँड बेरार’ असेल तर मात्र साहेबाला बाहेर बोलावून खुर्ची द्यावी. दुर्दैवाने बहुसंख्य गिटारींवर सापडतो तो शिक्का नसून बॉलपेनने कोरलेला बदामाचा आकार असतो, त्यात दोन आद्याक्षरे असतात, आणि तो झीनत अमानने ‘यादों की बारात’ मध्ये गिटार हाती घेतली त्या १९७३ सालानंतरचा असावा एवढेच अनुमान काढता येते. अशा गिटारीची विक्री पत्नी घरी नसताना होते, असाही एक तर्क आहे. पण तो या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

झिजलेल्या वाद्याला मोल असते, ही कल्पना विक्रेत्याने कोठून आणली, याचा शोध घेतल्यास तो निराधार बोलत नाही हे मान्य करावे लागते. अमेरिकन गायक विली नेल्सन यांनी १९६९ मध्ये घेतलेली ‘ट्रिगर’ ही मार्टिन गिटार नायलॉनच्या तारांची, बोटांनी वाजवण्यासाठी बनवलेली होती, त्यामुळे तिच्या फळीला ओरखड्यांपासून वाचवणारी पट्टी नव्हती. नेल्सन ती नखीने वाजवत राहिले आणि फळीला दुसरे छिद्र पडले, जे आज मूळ छिद्राइतकेच विख्यात आहे. रॉक गायक कर्ट कोबेन यांची १९५९ सालची मार्टिन तर २०२० च्या लिलावात साठ लाख डॉलरच्या वर गेली. गोंदियाच्या विक्रेत्याचा युक्तिवाद असा की छिद्र तर इकडेही आहे. युक्तिवादातील त्रुटी अशी की ट्रिगरचे छिद्र हजारो मैफिलींनी पाडले, आणि इकडचे बव्हंशी मोठ्या भावाच्या लग्नात, वरातीत खुर्च्या वाहणाऱ्या टेम्पोत पडलेले असते.

छिद्र पडले म्हणून कोणी स्वस्थ बसलेले नसते, ही आणखी एक गुंतागुंत होय. दुरुस्तीजोग्या गिटारची एकदा तरी दुरुस्ती आधीच झालेली असते, आणि ती शेजारच्या सुताराने आपल्या शास्त्राप्रमाणे मन लावून केलेली असते. वाद्य-कारागीर सरस वापरतो, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून बनवलेला गोंद, ज्याचा गुण असा की ऊब आणि ओलावा दिला की तो पुन्हा सुटतो, त्यामुळे शंभर वर्षांनीही सांधा उघडून नीट बसवता येतो. सुताराच्या दृष्टीने सुटणारा गोंद हा गोंदच नव्हे. तो फेविकॉल भरतो, वरून स्क्रू मारतो, स्क्रूचे डोके लांबीने बुजवतो, आणि एकूण गिटारला एका लहान स्टुलाचे स्थैर्य प्राप्त करून देतो. आवाजाचे काय झाले असे विचारणाऱ्याला तो शांतपणे सांगतो की आता ही हत्तीच्या पायाखाली आली तरी काही होणार नाही, आणि त्याचे म्हणणे खरे असते, कारण तिच्यात आता होण्यासारखे काही उरलेले नसते. पुढचा कारागीर, जो बहुधा नागपुरात असतो, तो आपला निम्मा वेळ गिटार दुरुस्त करण्यात नव्हे तर दुरुस्ती दुरुस्त करण्यात घालवतो, आणि त्याची मजुरी विचारल्यावर कळते की तेवढ्यात नवी गिटार, कव्हर आणि तारांचा जादा संच असे सगळे येऊ शकते.

मग ती विकत कोण घेतो? याचे उत्तर असे की प्रत्यक्षात विकले जाते ते वाद्य नसते. मालकाने कधी काळी गिटार शिकायचे ठरवले होते, ते राहिले. पुढे निदान दुरुस्त तरी करू असे ठरवले, तेही राहिले. कपाटावरच्या त्या वस्तूकडे नजर गेली की दोन्ही राहिलेल्या गोष्टी एकदम आठवतात, आणि त्या दुसऱ्याच्या कपाटावर हलवण्यासाठी हा सारा खटाटोप असतो. ग्राहकही वाद्य घेत नाही, तो ‘एकदा सवडीने नीट करू’ हा संकल्प घेतो, आणि असा संकल्प नव्या गिटारीसोबत मिळत नाही, कारण नवी गिटार घेतली की वाजवावी लागते. दुरुस्तीच्या गिटारीचे मोठे सुख हे की ती दुरुस्त होईपर्यंत मालकाला वाजवता येत नाही हे कोणालाच कळत नाही.

व्यवहाराची बोलणी तीन भाषांत चालतात. ‘माझ्या बाबांची आठवण आहे जी’ हे मराठीत म्हटले जाते, कारण भावना मराठीत. ‘कितने में दोगे, फायनल बोलो’ हे हिंदीत, कारण मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हाकेच्या अंतरावर असलेल्या या बाजारपेठेत रुपया हिंदीतच बोलतो. आणि ‘फार जास्त सांगत आहे, उठू या’ हे ग्राहक सोबत आणलेल्या चुलतभावाला पोवारीत, म्हणजे इकडच्या पोवार समाजाच्या बोलीत, सांगतो, विक्रेत्याला ती येत नाही या भ्रमात. विक्रेता पोवार निघाला तर पाहुणचार वाढतो आणि सूट घटते, कारण नातेवाइकाला कमी भावात दिल्याचे कळले तर बाकीचे नातेवाईक येतात. शेवटी भाव ठरतो तो गिटारचा नसून तिच्यासोबतच्या कव्हरचा असतो. कव्हरची चेन चालू स्थितीत असते, त्यात चटई, छत्री आणि मच्छरदाणीचे बांबू उत्तम राहतात, आणि ग्राहकाच्या घरी या खरेदीचे समर्थन करताना तेच पुढे करता येते.

गिटार नव्या घरी पोचल्यानंतर तिची दुरुस्ती केव्हा होते, याचा विचार धानाच्या वेळापत्रकावाचून करता येत नाही. मृग लागला की नांगरणी, आषाढ-श्रावणात रोवणी, आणि त्या दिवसांत हातांचा चिखल वाळण्याआधी झोप लागते. दिवाळीच्या मागेपुढे कापणी, तिच्या पाठोपाठ गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, मंडया आटोपतात तोवर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम आणि शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक पाहिलेल्या माणसाकडून दिवसा ब्रेसिंग चिकटवण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. ज्यांच्या बांध्यांना तलावाचे किंवा इटियाडोह धरणाचे पाणी मिळते त्यांना उन्हाळी धान असते, बाकीच्यांना लग्ने असतात, पुष्कळांना दोन्ही असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, आणि त्याच महिन्यात लाकूड इतके आकसलेले असते की तडा कोठवर गेला आहे याचा अंदाज पावसाविना येत नाही, असे सांगून तो महिना निकालात काढता येतो. उरतात ते पोळा आणि दसरा यांच्यामधले दिवस. त्या दिवसांत माणसाला सवड असते, सुतारही घरी असतो. पण हवेत ओलावा इतका असतो की सरस वाळत नाही.